ओढला तरी न पुसणारा रंग: जावा स्विंगच्या डॉकिंगमध्ये टॅब कसे रंगवायचे

यंत्रांवर लक्ष ठेवणारं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर आम्ही जावा स्विंगमध्ये, म्हणजे विंडो, बटणं, टॅब बनवण्याच्या जावाच्या संचात, केलं होतं. प्रत्येक यंत्राचं एक पॅनेल, सगळी पॅनेलं टॅबच्या रांगेत, आणि यंत्रात बिघाड झाला की त्याचा टॅब लाल. चाचणीत सगळं व्यवस्थित चाललं. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने बिघाडाचं पॅनेल नीट बघता यावं म्हणून ते ओढून दुसऱ्या मॉनिटरवर नेलं आणि थोड्या वेळाने परत रांगेत आणून ठेवलं. टॅब करडा झाला. यंत्र मात्र अजून बंदच होतं.

त्या रात्री कुणाला इजा झाली नाही, पण एक गोष्ट मी तेव्हापासून पक्की धरली आहे. डॉकिंगमध्ये, म्हणजे पॅनेलं ओढून हवी तिथे बसवता येतात अशा मांडणीत, रंग टॅबला द्यायचा नसतो, टॅबमागच्या पॅनेलला द्यायचा असतो. टॅब ही तात्पुरती वस्तू आहे. पॅनेल ओढलं की जुना टॅब नष्ट होतो आणि सोडलं की नवा तयार होतो. जुन्या टॅबला लावलेला रंग त्याच्याबरोबरच जातो. खालची सगळी कृती याच एका समजुतीवर उभी आहे. मेथड आणि क्लासची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली काही अक्षरं टाइप केली की पूर्ण नाव समोर येईलच.

आधी साधा टॅब्डपेन समजून घ्या

डॉकिंगची लायब्ररी वापरणार असाल तरी हा भाग वगळू नका, कारण बहुतेकांची पहिली अडचण इथेच येते. स्विंगच्या जेटॅब्डपेनमध्ये (टॅबची रांग दाखवणाऱ्या घटकात) सेटबॅकग्राउंडअ‍ॅट नावाची मेथड आहे. तिला टॅबचा क्रमांक आणि रंग द्यायचा. आपण देतो, प्रोग्रॅम चालवतो, आणि रंग दिसत नाही, किंवा दिसतो पण टॅबवर क्लिक केलं की गायब होतो.

याचं कारण असं, की ही मेथड रंग फक्त नोंदवून ठेवते. प्रत्यक्ष रंगवण्याचं काम लूक अँड फीलकडे, म्हणजे घटक कसे दिसतील ते ठरवणाऱ्या भागाकडे, असतं आणि तो ती नोंद वाचेलच असं नाही. मेटल हा जावाचा स्वतःचा लूक अँड फील न निवडलेल्या टॅबला तुम्ही दिलेला रंग लावतो. टॅब निवडला गेला की मात्र तुमचा रंग बाजूला ठेवून 'टॅब्डपेन डॉट सिलेक्टेड' या कळीखालचा (की, म्हणजे सेटिंगच्या नावाखालचा) स्वतःचा रंग वापरतो. हा रंग बहुतेकांनी पाहिलेला आहे: फिकट निळा, लाल-हिरवा-निळा या क्रमाने २००, २२१, २४२. विंडोजचा लूक अँड फील चालू थीमचं तयार चित्र टॅबवर चिकटवतो, तिथे तुमची नोंद विचारातच घेतली जात नाही. मॅकचंही तसंच. जावा ६ च्या १० व्या अपडेटबरोबर आलेला निम्बस हा लूक अँड फील 'पेंटर' नावाच्या वस्तूंकडून टॅब रंगवून घेतो आणि त्या पेंटरला आपण कितव्या टॅबवर काम करतोय हे कळत नाही. त्यामुळे निम्बसमध्ये पेंटर बदलून सगळे टॅब एकसारखे रंगवता येतात, एखादाच टॅब वेगळा रंगवता येत नाही.

म्हणून पहिली पायरी: तुमचा प्रोग्रॅम कोणत्या लूक अँड फीलवर चालतो ते आधी ठरवा आणि ते सुरुवातीलाच, कोणतीही विंडो तयार होण्याआधी, यूआयमॅनेजरला (दिसण्याची सेटिंग्ज सांभाळणाऱ्या स्विंगच्या क्लासला) स्पष्ट सांगा. हे न ठरवता रंगांच्या मागे लागलात, तर एका मशीनवर जमलेलं दुसऱ्या मशीनवर बिघडेल आणि चूक कुठे आहे हे शोधण्यात दिवस जाईल.

सगळ्या टॅबचा एकच पेहराव बदलायचा असेल तर इथेच काम संपतं. यूआयमॅनेजरच्या कळा बदला. फ्लॅटलॅफ हा बाहेरून घ्यायचा लूक अँड फील वापरत असाल तर 'टॅब्डपेन डॉट सिलेक्टेडबॅकग्राउंड', 'टॅब्डपेन डॉट हॉवरकलर' आणि 'टॅब्डपेन डॉट अंडरलाइनकलर' या तीन कळांत बरंच काही होतं. विंडो उघडलेल्या असताना कळा बदलल्या असतील तर स्विंगयुटिलिटीजची अपडेटकंपोनंटट्रीयूआय ही मेथड प्रत्येक विंडोवर चालवा.

टॅबच्या आत लेबल बसवण्याचा मार्ग, आणि मी तो का टाळतो

जावा ६ पासून सेटटॅबकंपोनंटअ‍ॅट आहे. टॅबच्या आत आपलं पॅनेल बसवायचं, त्याला रंग द्यायचा. बंद करायचं फुलीचं बटण बसवायला ही सोय उत्तम आहे, पार्श्वभूमी रंगवायला नाही. टॅबच्या कडेला आतून मोकळी जागा सोडलेली असते आणि तिथपर्यंत तुमचं पॅनेल पोचत नाही. परिणामी टॅबच्या मधोमध रंगीत ठिगळ दिसतं आणि भोवती करडी चौकट.

दुसरा त्रास जास्त चिवट आहे. त्या पॅनेलला माउसचा लिसनर लावला की क्लिक तिथेच अडतं, टॅब निवडला जात नाही. टूलटिप लावली तरीही तेच होतं, कारण टूलटिपसाठी स्विंग आतल्या आत माउसचा लिसनर लावतो. टूलटिप द्यायचीच असेल तर ती टॅब्डपेनच्या सेटटूलटिपटेक्स्टअ‍ॅटने द्या आणि आतलं पॅनेल सेटओपेक फॉल्स करून पारदर्शक ठेवा.

स्वतः रंगवणारा यूआय लिहिणं

डॉकिंगची बाहेरची लायब्ररी न घेता, जेटॅब्डपेनवरच स्वतःची ओढाओढीची सोय केली असेल, तर हा मार्ग सर्वांत भरवशाचा. चार पायऱ्या आहेत.

पहिली. रंग पॅनेलवर लिहून ठेवा. प्रत्येक जेकंपोनंटला क्लायंट प्रॉपर्टी नावाची एक वही असते. पुटक्लायंटप्रॉपर्टीने तिच्यात नाव आणि किंमत लिहिता येते. आम्ही 'टॅबरंग' हे नाव ठेवलं. बिघाड झाला की पॅनेलच्या वहीत लाल लिहायचा, दुरुस्त झाला की तिथे नल, म्हणजे रिकामी किंमत, लिहायचं. पॅनेल कुठेही ओढा, ही वही त्याच्याबरोबरच जाते. ऑपरेटरचा करडा टॅब याच एका बदलाने सुटला.

दुसरी. बेसिकटॅब्डपेनयूआय या टॅब रंगवणाऱ्या क्लासचा सबक्लास करा आणि पेंटटॅबबॅकग्राउंड ही मेथड ओव्हरराइड करा. तिला टॅबचा क्रमांक, चौकोनाची मापं आणि टॅब निवडलेला आहे की नाही ते मिळतं. आत करायचं इतकंच: गेटकंपोनंटअ‍ॅटने त्या क्रमांकाचं पॅनेल घ्या, ते जेकंपोनंट आहे का ते तपासा, त्याच्या वहीतून 'टॅबरंग' वाचा. रंग नसेल तर सुपरची मेथड बोलवा आणि परत फिरा. रंग असेल तर तो ग्राफिक्सवर लावून दिलेला चौकोन फिलरेक्टने भरा. कडा, नाव आणि आयकॉन स्विंग त्यानंतर रंगवतो, त्यामुळे ते झाकले जात नाहीत.

तिसरी. हा यूआय टॅब्डपेनला बाहेरून सेटयूआयने लावू नका. थीम बदलली की स्विंग प्रत्येक घटकाची अपडेटयूआय मेथड बोलावतो आणि तुमचा यूआय निघून जातो. त्याऐवजी जेटॅब्डपेनचा सबक्लास करा, त्यात अपडेटयूआय ओव्हरराइड करा आणि तिथे आपला यूआय लावा. इथे एक खाच आहे: ही मेथड जेटॅब्डपेनच्या कन्स्ट्रक्टरमधूनच बोलावली जाते, तुमच्या सबक्लासची फील्ड्स भरण्याच्या आधी. तिच्यात स्वतःचं फील्ड वापरलंत तर ते नल मिळेल. यूआयला लागणारी सगळी माहिती पॅनेलच्या वहीतूनच येत असल्याने आपल्याला त्याची गरज पडत नाही.

चौथी. रंग बदलल्यावर टॅब पुन्हा रंगवला गेला पाहिजे. क्लायंट प्रॉपर्टी बदलली की स्विंग त्याच नावाने प्रॉपर्टीचेंजचा इशारा पाठवतो. पॅनेलला त्याचा लिसनर लावा. लिसनरमध्ये स्विंगयुटिलिटीजच्या गेटअ‍ॅन्सेस्टरऑफक्लासने त्या क्षणी पॅनेल ज्या टॅब्डपेनमध्ये आहे तो शोधा, इंडेक्सऑफकंपोनंटने क्रमांक काढा, गेटबाउंड्सअ‍ॅटने चौकोन घ्या आणि तेवढाच रीपेंट करा. टॅब दिसत नसेल तर चौकोन नल येऊ शकतो, ते तपासा. क्रमांक कधीही साठवून ठेवू नका. मधला एक टॅब बंद झाला की पुढचे सगळे एकाने सरकतात, आणि मग शेजारच्याच यंत्राचा टॅब लाल होतो. न दिसणाऱ्या रंगापेक्षा हे कितीतरी धोक्याचं.

अक्षरांचा रंग: इथे वेळ द्या

पार्श्वभूमी जमली की बहुतेक जण थांबतात. नाव वाचता येत नसेल तर रंगाचा उपयोग काय? वेबची पानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून केलेले डब्ल्यूसीएजीचे निकष डेस्कटॉपलाही चालतात: साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं प्रमाण किमान ४.५ ला १ हवं.

आमचाच लाल घ्या: १९८, ४०, ४०. त्याच्यावर पांढरी अक्षरं ५.६ ला १ भरतात, म्हणजे चालतात. काळी अक्षरं ३.७, म्हणजे चालत नाहीत. आता नारिंगी घ्या: २५५, १५२, ०. त्याच्यावर पांढरी अक्षरं जेमतेम २.२ आणि काळी ९.७. नारिंगी पट्टीवर पांढरं नाव खूप ठिकाणी दिसतं, आणि ते डोळ्यांना का टोचतं ते या आकड्यांत आहे.

गणित प्रोग्रॅमलाच करू द्या. लाल, हिरवा, निळा प्रत्येक आकडा २५५ ने भागा. भागाकार फार लहान नसेल तर त्यात ०.०५५ मिळवा, १.०५५ ने भागा आणि २.४ चा घात करा. मग लाल गुणिले ०.२१२६, हिरवा गुणिले ०.७१५२, निळा गुणिले ०.०७२२ यांची बेरीज म्हणजे त्या रंगाचा उजेड. पांढऱ्याशी प्रमाण काढायला १.०५ ला उजेड अधिक ०.०५ ने भागा. काळ्याशी काढायला उजेड अधिक ०.०५ ला ०.०५ ने भागा. ज्याचं प्रमाण मोठं ते अक्षर घ्या. दहा ओळींची मेथड होते आणि पुढे कुणी कोणताही रंग निवडला तरी नाव वाचता येतं.

निवडलेला आणि न निवडलेला टॅब वेगळा दिसावा म्हणून आम्ही न निवडलेल्या टॅबमध्ये रंग ३५ टक्के आणि मूळ करडा ६५ टक्के असं मिश्रण करतो. करडा २३८, २३८, २३८ धरला तर आमचा लाल २२४, १६९, १६९ होतो, फिकट गुलाबीसर. आता बघा: भरीव लालवर पांढरं अक्षर हवं होतं, या फिकटावर पांढऱ्याचं प्रमाण २ वर येतं आणि काळ्याचं १०.४. म्हणजे अक्षराचा रंग टॅबच्या स्थितीप्रमाणे बदलायला हवा. सेटफोरग्राउंडअ‍ॅटने ते होत नाही, कारण तुम्ही स्वतः दिलेला रंग दोन्ही स्थितींत तोच राहतो.

उपाय म्हणजे त्याच सबक्लासमध्ये पेंटटेक्स्ट ओव्हरराइड करणं. वहीत रंग नसेल तर सुपर बोलवा. असेल तर आत्ता दाखवलेल्या पार्श्वभूमीवरून काळं की पांढरं ठरवा आणि ड्रॉस्ट्रिंगने नाव लिहा. उभी जागा म्हणजे चौकोनाचा वरचा बिंदू अधिक फॉन्टमेट्रिक्सचं असेंट. फक्त एवढंच केलंत तर अक्षरं खडबडीत दिसतील, कारण अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची सूचना स्विंग स्वतःच्या लिखाणाला देतो, तुमच्या ड्रॉस्ट्रिंगला नाही. टूलकिटकडून 'एडब्ल्यूटी डॉट फॉन्ट डॉट डेस्कटॉपहिंट्स' ही प्रॉपर्टी मागा आणि नल नसेल तर तो मॅप ग्राफिक्स२डीवर अ‍ॅडरेंडरिंगहिंट्सने लावा.

टॅबची नावं मराठीत असतील तर आणखी एक काम करा. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरलेल्या उंचीत 'भट्टी' किंवा 'कूलिंग' लिहिलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कडेला टेकतात. कॅल्क्युलेटटॅबहाइट ओव्हरराइड करून सुपरच्या उत्तरात चार पिक्सेल मिळवा. एका ओळीचं काम आहे, पण वाचणाऱ्याला लगेच फरक जाणवतो.

डॉकिंगफ्रेम्स वापरत असाल तर

डॉकिंगफ्रेम्स ही एलजीपीएल परवान्याची मुक्त लायब्ररी. तिच्या कॉमन नावाच्या भागात रंग पहिल्यापासून पॅनेललाच बांधलेला आहे, आणि म्हणूनच ती मला आवडते. तिथे पॅनेलला डॉकेबल म्हणतात. मुख्य सूत्रधार सीकंट्रोल, आणि एकेका पॅनेलसाठी सहसा डिफॉल्टसिंगलसीडॉकेबल.

आधी सीकंट्रोलवर सेटथीम करून एक्लिप्स थीम निवडा. कळ थीममॅप क्लासमध्ये आहे. सुरुवातीला एकच थीम पक्की करा, कारण प्रत्येक थीम टॅब वेगळ्या पद्धतीने काढते. मग डॉकेबलच्या गेटकलर्स मेथडने त्याचा कलरमॅप घ्या आणि सेटकलरला दोन गोष्टी द्या: कोणता भाग आणि कोणता रंग. भागांची नावं कलरमॅपमध्येच स्थिरांक म्हणून आहेत. टॅबच्या पार्श्वभूमीसाठी तीन बघा: 'कलर की टॅब बॅकग्राउंड', त्याच्याच शेवटी 'सिलेक्टेड' जोडलेला आणि 'फोकस्ड' जोडलेला. निवडलेला आणि फोकस असलेला या दोन वेगळ्या स्थिती आहेत. एका स्क्रीनवर चार रांगा असतील तर चारही रांगांत एकेक टॅब निवडलेला असतो, पण फोकस, म्हणजे कीबोर्डचं टायपिंग जिथे जातं तो मान, त्यातल्या एकाकडेच. तिन्हींना रंग द्या. एकालाच दिलात तर टॅबवर क्लिक करताच रंग बदलतो आणि पुन्हा मेटलसारखीच तक्रार येते.

अक्षरांसाठी याच तीन स्थितींचे 'फोरग्राउंड' स्थिरांक आहेत. वरची काळं-पांढरं ठरवणारी मेथड इथे जशीच्या तशी वापरा. रंग काढायचा असेल तर त्याच कळीला नल द्या, थीमचा मूळ रंग परत येतो.

लोक हमखास विसरतात ते असं. पॅनेल लहान करून कडेला ठेवलं की टॅब उरतच नाही, त्याच्या जागी एक बटण येतं. त्या बटणासाठी 'कलर की मिनिमाइज्ड बटण बॅकग्राउंड' वेगळा आहे. पॅनेल एकटंच डॉक केलं असेल तर दिसते ती शीर्षकपट्टी, तिच्यासाठी 'कलर की टायटल बॅकग्राउंड'. बिघाडाचा लाल या सगळ्या जागी दिसला पाहिजे. म्हणून एक छोटी मेथड लिहा, जी एक डॉकेबल आणि एक रंग घेते आणि या सगळ्या कळा एकदम भरते. बाकी प्रोग्रॅमने फक्त तीच बोलवायची.

पॅनेलपुरतं नाही तर सगळीकडे एक्लिप्स थीमच्या टॅबचा पेहराव बदलायचा असेल, तर सीकंट्रोलच्या डॉककंट्रोलरकडून गेटकलर्सने कलरमॅनेजर घ्या. तिथे कळा मजकुराच्या रूपात असतात: 'स्टॅक डॉट टॅब डॉट टॉप', 'स्टॅक डॉट टॅब डॉट बॉटम', आणि त्यांच्या पुढे 'सिलेक्टेड', 'सिलेक्टेड डॉट फोकस्ड' असे प्रकार. टॉप आणि बॉटम असे दोन रंग का? कारण या थीमचा टॅब वरून खाली उतरत्या छटेने रंगतो. सपाट हवा असेल तर दोन्हींना एकच रंग द्या. रंग भरताना अग्रक्रम विचारला जातो, तिथे प्रायॉरिटी डॉट क्लायंट द्या. 'थीम' पातळीवर भरलेले रंग थीमच्या हातात असतात, 'क्लायंट' पातळीचे तुमच्या.

मांडणी साठवणं आणि उघडताना परत आणणं ही या लायब्ररीची मोठी सोय आहे, पण बिघाडाचा रंग त्या साठवणीवर सोडू नका. प्रोग्रॅम उघडताना यंत्राची स्थिती नव्याने विचारा आणि डॉकेबल तयार होतो त्याच ठिकाणी रंग भरा. काल रात्रीचा लाल आज सकाळी दाखवणं चूकच.

रंग कधी बदलायचा

यंत्राची माहिती वेगळ्या थ्रेडवर येते, पण स्विंगला हात लावायचा तो इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवरच, म्हणजे क्लिक आणि रंगवणं सांभाळणाऱ्या स्विंगच्या स्वतःच्या थ्रेडवर. रंग भरणारी ओळ इनव्होकलेटरमध्ये ठेवा. माहिती सेकंदाला पन्नास वेळा येत असेल तर आधीची स्थिती आणि नवी स्थिती ताडून बघा आणि फरक पडला तरच रंग बदला.

लुकलुकणारा टॅब हवा अशी मागणी येतेच. त्यासाठी जावाएक्स डॉट स्विंगमधला टायमर वापरा, जावा डॉट यूटिलमधला नाही. पहिला त्याच इव्हेंट थ्रेडवर चालतो. अंतर ५०० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे सेकंदाला एक लुकलुक. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना घातक ठरू शकतो, ती मर्यादा ओलांडू नका. सगळ्या टॅबसाठी एकच टायमर ठेवा, नाहीतर प्रत्येक टॅब आपापल्या तालात लुकलुकतो आणि स्क्रीनकडे बघवत नाही. पॅनेल बंद झालं की त्याचं नाव टायमरच्या यादीतून काढा. नाही काढलंत तर बंद केलेली पॅनेलं मेमरीत अडकून राहतात. ऑपरेटरने टॅब उघडून बघितला की लुकलुक थांबवा, लाल मात्र राहू द्या.

कोणता रंग कशासाठी, हे स्वतःच्या आवडीने ठरवू नका. यंत्रांवरच्या दिव्यांसाठी आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकात लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी सामान्य नाही, हिरवा म्हणजे सामान्य असा संकेत आहे आणि ऑपरेटरची नजर त्यालाच सरावलेली असते. माझं मत, सामान्य स्थितीला रंगच देऊ नये. वीस टॅब हिरवे असले की त्यातला एक पिवळा चटकन उठून दिसत नाही. वीस करडे असले की दिसतो.

देण्याआधी तपासा

सहा पॅनेलं उघडा आणि तिसऱ्याला लाल करा. दुसरं बंद करा. लाल त्याच यंत्राकडे राहतो का? लाल पॅनेल ओढून बाहेर काढा, परत आणा. दुसऱ्या रांगेत टाका. लहान करून कडेला ठेवा, पुन्हा मोठं करा. त्याच्यावर क्लिक करा, मग दुसऱ्या रांगेवर क्लिक करून फोकस हलवा. थीम बदला. प्रोग्रॅम बंद करून उघडा. पॅनेल बाहेर काढलेलं असतानाच बिघाड दुरुस्त झाल्याचा संदेश पाठवा आणि मग ते परत आणा. आता ते करडं असायला हवं. ही शेवटची तपासणी आम्ही आधी केली नव्हती.

मग स्क्रीनचं चित्र घ्या आणि कोणत्याही फोटोच्या प्रोग्रॅममध्ये ते काळं-पांढरं करा. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणाऱ्या माणसाला तुमची स्क्रीन किती कळते याचा त्यावरून ढोबळ अंदाज येतो. बिघाडाचा टॅब त्या चित्रात ओळखू येत नसेल तर नावाच्या आधी एक छोटा त्रिकोणी आयकॉन लावा. जेटॅब्डपेनमध्ये सेटआयकॉनअ‍ॅट आहे, डॉकेबलला सेटटायटलआयकॉन. जेटॅब्डपेनमधला आयकॉनही टॅबलाच बांधलेला असतो, तेव्हा त्याचीही नोंद पॅनेलच्या वहीतच ठेवा आणि टॅब नव्याने तयार होताना तिथूनच लावा.